कितवी आलीस?

"आई, मी इथल्या ट्रायथलॉन क्लबमध्ये नाव घातलंय."

2023 च्या सप्टेंबरमधली ही गोष्ट. लेक एम.एस्सी. करायला इंग्लंडमधल्या लीड्सला जाऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. मी इकडे सांगलीत बचत गटाच्या वह्या तपासत बसले होते. फोनवर हे ऐकलं आणि पेन तसंच हातात राहिलं. मला वाटलं होतं ती खोलीबद्दल सांगेल, जेवणाबद्दल सांगेल, फार तर थंडीची तक्रार करेल. हे भलतंच!

"म्हणजे नक्की काय करायचं असतं गं?"

"आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग पळायचं. सगळं एकापाठोपाठ, मध्ये न थांबता."

आईच्या मनात येतं ते सगळं माझ्या मनात येऊन गेलं. अभ्यासाला गेली आहे की पळायला? त्या थंडीत पोहायचं? परक्या देशात मोठ्या रस्त्यावर सायकल? आणि खर्च? तिच्या बाबांनी तर "काही मोडलं-बिडलं तर तिथे बघायला कोण आहे?" असं विचारून मोकळे झाले. घरात शांत होत्या त्या फक्त ऐंशीच्या घरातल्या माझ्या सासूबाई. म्हणाल्या, "पोहायला येतंय ना तिला? मग पोहू दे की. आम्ही काय कृष्णेत पोहलो नाही?"

मी गप्प बसले. कारण तिला पोहायला शिकवलं मीच होतं आणि तिचं पोहणं बंदही मीच केलं होतं. पण ते पुढे सांगते.

सगळ्यांत आधी बायकाच!

ट्रायथलॉन हा तसा तरुण खेळ. 1974 मध्ये अमेरिकेत सॅन दिएगो शहरात पळणाऱ्यांच्या एका क्लबने गंमत म्हणून तो पहिल्यांदा भरवला. 1978 मध्ये हवाई बेटांवर 'आयर्नमॅन' ही अति लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली. नाव 'लोखंडी पुरुष', आणि पहिल्या वर्षी सुरुवातीच्या रेषेवर उभे होते तेही पंधराच्या पंधरा पुरुष! पण दुसऱ्याच वर्षी, 1979 मध्ये, लिन लेमेअर नावाच्या एका बाईने ती पूर्ण केली.

मला आवडलेली गोष्ट पुढची आहे. 2000 साली सिडनीत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हा पहिली शर्यत बायकांची ठेवली होती. त्यामुळे ट्रायथलॉनचं ऑलिंपिकमधलं पहिलंवहिलं सुवर्णपदक एका बाईच्या गळ्यात पडलं, स्वित्झर्लंडच्या ब्रिगिट मॅकमहॉनच्या. आणि अंतर पुरुषांना तेवढंच बायकांना : 1500 मीटर पोहणं, 40 किलोमीटर सायकल आणि 10 किलोमीटर पळणं. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताकडून प्रज्ञा मोहन आणि आपल्या महाराष्ट्राची संजना जोशी या दोघी ट्रायथलॉनला उतरल्या होत्या.

नवख्यांसाठी याच्या निम्मं अंतर असतं. त्याला 'स्प्रिंट' म्हणतात : 750 मीटर, 20 किलोमीटर आणि 5 किलोमीटर. माझी मुलगी याच शर्यतीची तयारी करणार होती.

"पोहता येतं ना? मग ये!"

लीड्स हे या खेळाचं गावच म्हणायचं. ऑलिंपिकमध्ये लागोपाठ दोन सुवर्णपदकं मिळवणारा अ‍ॅलिस्टर ब्राउनली आणि त्याचा धाकटा भाऊ जॉनी हे दोघे याच शहरात शिकले, इथल्याच डोंगराळ रस्त्यांवर सायकल चालवून मोठे झाले. अशा ठिकाणच्या क्लबात आपल्या मुलीला कोण घेणार, असं मला वाटलं. आपल्याकडे निवड चाचणी असते, सर असतात, ते शिट्टी वाजवतात आणि "तू, तू आणि तू. बाकीच्यांनी घरी जा," असं सांगतात.

तिथे तसं नव्हतं. वर्ष सुरू होताना विद्यापीठाच्या आवारात सगळ्या क्लबांची टेबलं मांडतात. ही त्या टेबलापाशी जरा घुटमळली. "मी फार हळू आहे, चालेल का?" असं तिने विचारलं. पलीकडची मुलगी म्हणाली, "पोहता येतं ना? सायकल येते ना? मग ये." पहिले काही दिवस नुसतं येऊन बघायचं, पटलं तर वर्गणी भरायची.

क्लब चालवतात विद्यार्थीच. अध्यक्ष, खजिनदार, पोहण्याचा कॅप्टन, सायकलचा कॅप्टन. शिवाय एक 'वेल्फेअर सेक्रेटरी', म्हणजे कुणाला एकटं वाटतंय का, कुणी दोन आठवडे दिसलं नाही तर का, हे बघणारी मुलगी! वीस वर्षं सामाजिक कामात काढूनही आमच्या मंडळात असं पद ठेवायचं मला सुचलं नव्हतं.

सायकल तिने जुनी घेतली, पास होऊन जाणाऱ्या एका मुलाकडून. हेल्मेट मात्र नवं. पडलेलं, आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी आतून कामातून गेलेलं असू शकतं, म्हणून ते जुनं घ्यायचं नाही. थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख, वेटसूट, तिला मैत्रिणीने वापरायला दिला.

चौथा खेळ

मग रविवारचा फोन म्हणजे या क्लबाचाच वृत्तांत असायचा. पोहण्याच्या तलावात वेगाप्रमाणे पट्टे पाडलेले. एका पट्ट्यात पाच-सहा जण, एका बाजूने जायचं आणि दुसऱ्या बाजूने यायचं. ही सगळ्यात हळू पट्ट्यात. तळ्यात पोहताना खाली काळी रेघ नसते, त्यामुळे दर काही हातांनंतर मान वर करून दिशा बघावी लागते. तेही आधी तलावातच शिकवतात.

शर्यतीच्या सायकलच्या पेडलमध्ये बूट अडकवलेला असतो. थांबायच्या आधी तो सोडवायला विसरलं की माणूस सायकलसकट आडवा. सिग्नलपाशी भर चौकात ती तशी पडली. "सगळे हसले असतील ना?" मी विचारलं. "हसले ना! आणि मग प्रत्येकाने आपण कुठे पडलो होतो ते सांगितलं."

डिसेंबरमध्ये तिथे पावणेचारलाच सूर्य मावळतो. मग घरातच मागच्या चाकाखाली यंत्र लावून, जागच्या जागी सायकल चालवायची. कधी सायकलवरून उतरून लगेच पळायचं. या सरावाला ते 'ब्रिक' म्हणतात, वीट. म्हणाली, "आई, पाय खरंच विटेसारखे होतात गं. आपले नाहीतच असं वाटतं." पाण्यातून सायकलकडे आणि सायकलवरून पळण्याकडे जायचं, त्यालाही सराव लागतो. म्हणून त्याला चौथा खेळ म्हणतात. आणि नियम किती कडक! डोक्यावरच्या हेल्मेटचा बंद लावल्याशिवाय सायकलला हातही लावायचा नाही.

एकदा मी दबकत विचारलं, "अगं, अडचणीच्या दिवसांत काय करतेस?" ती सहज म्हणाली, "टॅम्पॉन किंवा कप वापरून पोहते. पोट फार दुखलं तर कॅप्टनला सांगून विश्रांती घेते. त्यात लपवायचं काय?" आम्ही त्या चार दिवसांत तलावाच्या सरांना ताप आल्याचं सांगायचो!

पण या सगळ्यात माझ्या मनात रुतून बसली ती एकच गोष्ट. शनिवारी ते गटाने लांब सायकल चालवायला जातात. तिचा गट हळू जाणाऱ्यांचा. त्यांचा नियम असा की चढ आला तर ज्याने त्याने आपल्या वेगाने जावं, पण माथ्यावर थांबावं. शेवटचा माणूस पोचल्याशिवाय पुढे निघायचं नाही. आणि तो पोचल्या पोचल्याही निघायचं नाही, त्याला दम खायला वेळ द्यायचा. नाहीतर ज्याला विश्रांतीची सगळ्यात गरज, त्यालाच ती मिळत नाही! किती साधी गोष्ट, पण कुणीतरी विचार केला म्हणून सुचली.

तळ्याकाठी

2024 च्या मे महिन्यात आम्ही दोघं लीड्सला गेलो, तेव्हा तिची पहिली शर्यत बघायला मिळाली. सकाळी गार वारा. तळ्याचं पाणी बघूनच मला हुडहुडी भरली. सोबतीला लहान होड्यांत जीवरक्षक होते, तेवढाच धीर. सारख्या टोप्या घातलेल्या त्या गर्दीत माझी कुठली तेच कळेना. भोंगा वाजला आणि पाणी नुसतं घुसळून निघालं. आमचे हे देवाचं नाव घेत होते. मी मात्र एकेक टोपी मोजत होते.

ती बाहेर आली बरीच उशिरा. मग सायकल, मग पळणं. एक तास सत्तावन्न मिनिटांनी ती शेवटच्या वळणावर दिसली. चेहरा लालबुंद, एक पाय ओढत असलेली. तिच्या क्लबातली मुलं-मुली कधीच पोचून, अंगावर टॉवेल घेऊन उभी होती. ती तिच्या नावाने असं ओरडली की वाटलं हीच पहिली आली!

मी धावत गेले. तिला जवळ घेतलं, आणि तोंडातून काय निघावं?

"कितवी आलीस?"

ती धापा टाकत म्हणाली, "थांब आई. आधी ती येऊ दे." आणि पाणीसुद्धा न पिता वळून उभी राहिली. मागून आणखी एक मुलगी येत होती. शेवटची. माझी मुलगी तिच्यासाठी ओरडायला लागली.

मैत्रिणींनो, त्या गार वाऱ्यात माझे कान गरम झाले.

कारण हाच प्रश्न मी तिला लहानपणी प्रत्येक स्पर्धेनंतर विचारायचे. ती चौथी यायची, पाचवी यायची. मेडल कधी नाही. नववीत गेल्यावर मी म्हटलं, "नंबर तर येत नाही. दहावीत क्रीडागुण मिळण्याइतकी काही तू पुढे जाणार नाहीस. मग सकाळचे दोन तास कशाला घालवायचे?" पोहण्याचा पास पुढे वाढवला नाही. ती रडली नाही, भांडलीही नाही. पिशवीतला पोहण्याचा पोशाख तेवढा धुऊन कपाटात ठेवून दिला. मला वाटलं, शहाणी आहे, समजलं तिला.

त्या रात्री तिच्या छोट्याशा खोलीत मी तिला म्हटलं, "मी तेव्हा चुकले का गं?" ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला तेव्हा पहिलं यायचंच नव्हतं, आई. मला नुसतं पोहायचं होतं. पण तसं म्हणता येतं हेच मला माहीत नव्हतं."

आपण मुलींना खेळात घालतो ते बक्षिसासाठी, गुणांसाठी, 'अंगात चपळाई येते' म्हणून. बक्षीस आलं नाही की पहिली कात्री खेळाला. ज्या मुली जिंकतात त्यांना कुणी ना कुणी सांभाळतं. पण चौथ्या-पाचव्या येणाऱ्या असंख्य मुली आठवी-नववीत गुपचूप मैदानातून घरी येतात आणि पुन्हा कधी जात नाहीत. त्यांची कुणी नोंदही ठेवत नाही, कारण त्या हरलेल्या नसतात, नुसत्या थांबवलेल्या असतात.

हरिपूरचा रस्ता

परत आल्यावर मी आमच्या मंडळात विषय काढला. आठवी ते दहावीच्या मुलींसाठी रविवारी सकाळी सायकल, आणि ज्यांना जमेल त्यांना तलावावर पोहणं. कृष्णेत नाही बरं का! आता नदीत मगरी दिसतात, त्यामुळे सासूबाईंच्या काळातलं पोहणं आता नको. नियम तीनच ठेवले. निवड चाचणी नाही. नंबर काढायचे नाहीत. आणि शेवटच्या मुलीसाठी थांबायचं.

सुरुवातीला अकरा मुली आल्या. सगळं गोड झालं असं नाही. तिघी महिन्याभरात गळल्या. एकीला घरून सायकल मिळेना, एकीची आई म्हणाली, "ऊन लागून काळी पडते हो." तिसरीची आई मला रस्त्यात भेटली. "ताई, दहावी आहे तिची. आणि तुम्ही तर स्पर्धेलासुद्धा नेत नाही. मग उपयोग काय?" माझंच वाक्य माझ्यासमोर येऊन उभं राहिलं! मी तिला उपदेश केला नाही. माझ्या मुलीची, कपाटात ठेवलेल्या त्या पोशाखाची गोष्ट सांगितली. ती "बघू" म्हणाली. अजून तरी मुलगी आलेली नाही. मी वाट बघतेय.

उरलेल्या आठजणी येतात. आम्ही हरिपूरच्या संगमापर्यंत जातो. कृष्णा-वारणेचं पाणी बघतो, केळं खातो, परत येतो. मुली पुढे भुर्रकन जातात. त्यांच्यातल्या कुणाला ट्रायथलॉन करावंसं वाटेल की नाही, मला माहीत नाही आणि मी विचारतही नाही.

पंचवीस वर्षांनी सायकल हातात घेतली आहे, त्यामुळे सगळ्यात शेवटी मीच असते. पण संगमावर पोचते तेव्हा मुली थांबलेल्या असतात. आणि मी पोचल्यावर लगेच निघत नाहीत.