नोरिन १०

नोरिन १० हे जपानमध्ये विकसित झालेले हिवाळी गव्हाचे अर्धबुटके वाण होय. 'नोरिन' या जपानी शब्दाचा अर्थ 'कृषी व वने' असा आहे. बुटक्या 'दारुमा'चा अमेरिकी 'फुल्ट्झ'शी झालेला संकर पुढे 'टर्की रेड'शी जुळवण्यात आला. गोन्जिरो इनाझुका यांनी इवाते येथील प्रयोगकेंद्रात त्यातून निवड केली आणि १९३५ मध्ये हे वाण प्रसारित झाले.

उंच गव्हाला खत अधिक दिले की भरल्या ओंब्यांच्या भाराने पीक लोळते. नोरिन १० ची उंची जेमतेम दोन फूट. त्यातील दोन जनुकांमुळे झाड जिबरेलिन या वाढ-संप्रेरकाला पुरेसा प्रतिसाद देत नाही. म्हणून खोड आखूड राहते.

तांबेऱ्याला बळी पडणारे हे वाण इतर देशांत जसेच्या तसे उपयोगी पडले नाही. नाव झाले ते त्याच्या संततीचे. ऑर्व्हिल व्होगेल यांनी अमेरिकेत 'ब्रेव्हर'शी संकर करून 'गेन्स' (१९६१) सिद्ध केले, तर नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत हीच जनुके वासंतिक गव्हात आणली. भारतात आलेली 'सोनोरा ६४' व 'लर्मा रोहो ६४' ही वाणे त्याच वंशातली.

महाराष्ट्रातील गहू रब्बीत पेरला जात असला तरी या अर्थाने 'हिवाळी' नव्हे. हिवाळी गव्हाला निसवण्यापूर्वी दीर्घकाळ कडक थंडी लागते.