हरून शिकायची तलवारबाजी

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. बैलबाजाराबरोबर तिथे तमाशाचे फडही लागतात. गण-गौळण झाली की बतावणी, म्हणजे निव्वळ शब्दांची कुस्ती. सोंगाड्याला बोलण्यात कोंडीत पकडायला जावं, तर तो असा पलटतो की पकडणाऱ्याचंच हसं होतं. ही कुस्ती संगणकाला शिकवता येईल?

गेम डिझायनर रॉन गिल्बर्टनं ती शिकवली, तीही १९९० साली. हॉलिवूड नट एरॉल फ्लिनचे जुने सिनेमे पाहताना त्याच्या लक्षात आलं, की त्यांतल्या द्वंद्वांत तलवारीपेक्षा जीभच जास्त चालते. मग ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ या गेममधली तलवारबाजी त्यानं टोमण्यांवर बेतली. समुद्री चाचा डिवचतो, तुम्ही यादीतून उत्तर निवडता. चपखल बसलं तर तुमची सरशी, नाहीतर त्याची. आणि उत्तरं मिळवायची कुठून? मार खाऊन! तुमच्या टोमण्याला चाच्यानं झकास उत्तर दिलं, की ते तुमच्या पोतडीत जमा.

खरी कमाल पुढेच आहे. एक चाचा हिणवतो, तू गवळ्यासारखा लढतोस. त्यावर उत्तर, बरोबरच आहे, तू गायीसारखा लढतोस ना! मग गाठ पडते बेटावरची तलवारबाजीतली उस्ताद कार्ला हिच्याशी. तिचे टोमणे सगळे नवे, उत्तरं मात्र तुमच्याजवळची जुनीच. ती गरजते, तुझ्या रक्ताची शेवटच्या थेंबापर्यंत धार काढीन. आणि तीच गाय इथेही फिट्ट बसते! एकेक उत्तर दोन-दोन टोमण्यांना पुरेल असं आधीच रचून ठेवलेलं. म्हशाच्या बैलबाजारात याला नक्की शिट्ट्या पडल्या असत्या.

काही गेममध्ये तर विनोदाचा एक शब्दही लिहिलेला नसतो. बेनेट फॉडीच्या ‘क्वॉप’मध्ये (२००८) एक धावपटू आहे. दोन कळा त्याच्या मांड्यांच्या, दोन पोटऱ्यांच्या. धावायचं १०० मीटर, पण पहिल्या दोन पावलांतच गडी भुईसपाट. फजिती त्याची, पण केलेली आपणच, म्हणून हसू आवरत नाही.

नवी मुंबईत घडलेल्या ‘लुडो किंग’मध्ये पडायलाही कुणी नाही. फासा आणि सोंगट्या, बस्स. तिथला सोंगाड्या शेजारी बसलेला असतो. शहापूरकरांनी आसनगावला लोकल पकडून डाव मांडला, की ज्याला सहा पडत नाही, त्याला कल्याण येईपर्यंत टोमणे खावे लागतात.