मावशींचा प्रश्न आणि शाळेचा भूखंड

मागच्या जयंतीला आमच्या वस्तीत एक पुढारी आले होते. स्वागत झाले, हार झाले, शाल झाली. भाषणात त्यांनी शिक्षणाचे महत्त्व सांगितले. भाषण संपता संपता पुढच्या रांगेतल्या एक मावशी उठल्या. आयुष्यभर चार घरची धुणीभांडी करून त्यांनी तीन नातवंडे शिकवली आहेत. त्या म्हणाल्या, "साहेब, आठ वर्सामागं अभ्यासिकेचा नारळ तुमीच फोडला व्हता. दगड हाय, खोली कुटं गेली?"

साहेब हसले. घड्याळाकडे पाहिले. आणि आम्ही, म्हणजे कमिटीचे सेक्रेटरी, बी.कॉम. झालेले, रोज दहा ते सहा दुसऱ्यांचे हिशेब तपासणारे आम्ही, पुढे झालो आणि म्हणालो, "मावशी, बसा आता. आज जयंती आहे." माईक आम्हीच हातात घेतला आणि आभार मानून टाकले.

त्या रात्री झोप लागली नाही. मावशींचा प्रश्न खोटा नव्हता, उद्धट नव्हता, वेळही चुकीची नव्हती. पुढारी ज्या दिवशी येतात त्याच दिवशी त्यांना विचारता येते. मग आम्ही तो का दाबला?

आमचे ऑफिस शनिवार पेठेत आहे. या पेठेला अनुत्तरित प्रश्नांची जुनी सवय आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांबरोबर ही पेठही पाण्याखाली गेली. चौकशी नेमली गेली. ती करणारे न्यायमूर्ती बावडेकर यांनी काम पुरे होण्याआधीच आत्महत्या केली. पुढे दुसऱ्या न्यायमूर्तींकडे ते काम गेले. पण धरण कोणाच्या घाईने, कोणाच्या हुकुमाने पाण्याने भरले, ही चर्चा इथल्या म्हाताऱ्या माणसांत आजही चहाबरोबर निघते. याच पेठेच्या कडेला, ओंकारेश्वराजवळ, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या नावाच्या पुलावर २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली आणि तिघे सुटले. गोळ्या झाडणारे ठरले. झाडायला लावणारे कोण, हे कोर्टाच्या निकालानंतरही कळलेले नाही.

परंतु आज आम्हाला सांगायचे आहे ते पुण्याच्याच दुसऱ्या एका जागेबद्दल. १९९९ साली आम्ही कॉलेजात होतो. आमचे वडील सेंट्रिंगच्या कामावर जात. एका रविवारी त्यांनी आम्हाला सायकलवर डबलसीट बसवून एरंडवण्यात, प्रभात रस्त्याच्या बाजूला नेले. तिथे एक उंच नवी कोरी इमारत उभी होती. वडील म्हणाले, "ही बघ. ही शाळेची जागा होती." आम्ही विचारले, "तुम्ही होता का या कामावर?" म्हणाले, "नव्हतो. पण असतो तरी मला काय ठावं असतं? आमाला फळ्या ठोकायला सांगत्यात. जागा कशाची, ते कोन सांगतंय?"

ती हकिकत तरुण वाचकांना ठाऊक नसेल, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. शहराच्या विकास आराखड्यात प्रत्येक वस्तीसाठी काही जागा राखून ठेवतात. बाग, दवाखाना, शाळा, मंडई वगैरे. एरंडवण्यातला हा भूखंड प्राथमिक शाळेसाठी राखीव होता. १९९६ साली राज्य सरकारने ते आरक्षण उठवले आणि तिथे राहण्याच्या इमारतीला वाट मोकळी झाली. बांधकाम करणारे बिल्डर हे तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर जोशी यांचे जावई होते. नगरविकास खाते मुख्यमंत्र्यांकडेच होते. पुण्यातल्या जागरूक नागरिकांनी मुंबई हायकोर्टात धाव घेतली. प्रकरण तापले आणि १९९९ च्या जानेवारीअखेर जोशी यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. मार्चमध्ये हायकोर्टाचा निकाल आला. आरक्षण उठवणे बेकायदा ठरले, इमारत पाडण्याचा हुकूम झाला, मुख्यमंत्र्यांवर कडक ताशेरे मारले गेले. आपण गैर काही केले नाही, असे जोशी यांचे म्हणणे होते. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. तिथला निकाल लागला १२ ऑक्टोबर २०११ रोजी. जावयाच्या लाभासाठी अधिकार वापरला गेला, हा ठपका तिथेही कायम राहिला आणि शाळेची जागा शाळेलाच मिळाली पाहिजे, हे सुप्रीम कोर्टाने उचलून धरले.

आम्ही कारकून माणसे, आकडे मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. १९९६ साली जे पोर सहा वर्षांचे होते आणि त्या शाळेत पहिलीत बसले असते, ते २०११ साली एकवीस वर्षांचे झाले. त्याचे पहिली ते पदवी सगळे शिक्षण निकालाची वाट पाहण्यात संपले. एरंडवणे हा बंगलेवाल्यांचा भाग, तिथल्या मुलांना शाळांची काय वाण, असे कोणी म्हणेल. पण बंगल्यात धुणीभांडी करणाऱ्या बायांची, वॉचमनची, माळ्याची मुले कुठे जातात? महापालिकेच्या शाळेतच जातात ना!

यात एक गोष्ट मनाला फार लागते. मनोहर जोशी हे गरिबीतून वर आलेले. रायगड जिल्ह्यातल्या नांदवी गावचे, कष्ट करून शिकलेले, नंतर शिकवणारे. १९६१ साली त्यांनी कोहिनूर ही संस्था काढली. तिथे वायरमन, फिटर, रेडिओ दुरुस्ती असले हातात रोटी देणारे धंदे शिकवले जात आणि आपल्या समाजातलीही कितीतरी पोरे तिथून शिकून कामाला लागली. म्हणजे शाळेची किंमत न कळणारा हा माणूस नव्हता. तरीही शाळेची जागा गेली.

आता पुढचे पाहा. हायकोर्टाचा निकाल मार्च १९९९ चा. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत ते मुंबईतून निवडून आले, केंद्रात मंत्री झाले आणि २००२ साली लोकसभेचे सभापती झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते वारले. २०२५ साली त्यांना मरणोत्तर पद्मभूषण जाहीर झाला. मृत माणसाची निंदा करावी असा आमचा हेतू नाही. पण श्रद्धांजलीच्या लेखांत त्या शाळेच्या जागेला कुठे अर्धी ओळ मिळाली, कुठे तीही नाही.

हे काही एकाच पक्षाचे दुखणे नाही. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना सिमेंट कंट्रोलमध्ये होते. बिल्डरांनी प्रतिष्ठानाला देणग्या द्यायच्या आणि सिमेंटचा कोटा घ्यायचा, हे प्रकरण १९८१ साली वर्तमानपत्राने उघडकीस आणले. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल आला आणि अंतुल्यांनी खुर्ची सोडली. खटले वर्षानुवर्षे चालले. २००६ साली तेच अंतुले केंद्रात मंत्री झाले. १९८६ साली शिवाजीराव पाटील निलंगेकर मुलीच्या एम.डी.च्या गुणांच्या प्रकरणात हायकोर्टाच्या ताशेऱ्यांनंतर गेले, पुढे तेही राज्यात मंत्री झाले. सिमेंट, मार्क, भूखंड. वस्तू बदलते. लोक विसरतात, एवढे मात्र बदलत नाही.

आणि आपण विसरत नाही का? ज्या काळात जोशी मुख्यमंत्री होते त्याच काळात, ११ जुलै १९९७ रोजी, घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि जमलेल्या आपल्या माणसांवर गोळीबार झाला. दहा जीव गेले. त्या दुःखाने काही दिवसांतच लोकशाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवले. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. फौजदार मनोहर कदम याला सत्र न्यायालयात जन्मठेप व्हायला २००९ साल उजाडले. शिक्षा फौजदारापाशी थांबली. सरकार चालवणाऱ्यांना त्या दिवसाचा जाब कोणी, कुठे विचारला? दर ११ जुलैला आपण मेणबत्त्या लावतो. पण ज्यांच्याकडे तेव्हा सत्ता होती त्यांच्या व्यासपीठावर नंतर आपलेही पुढारी बसले, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. याला काय म्हणावे?

शनिवार पेठेतून चालत जाता येईल इतक्या अंतरावर गोखले हॉल आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी न्यायमूर्ती रानडे यांच्या १०१ व्या जयंतीला बाबासाहेब तिथे बोलले. सनातन्यांच्या पुण्यात, तेही त्या काळी ज्यांच्याविरुद्ध बोलण्याची छाती होत नसे त्या गांधी आणि जीना यांची रानड्यांशी तुलना करत. विभूतिपूजेवर त्यांनी त्या दिवशी घाव घातला. मोठ्या माणसाबद्दल आदर बाळगणे वेगळे आणि आपली बुद्धी त्याच्या पायाशी गहाण टाकणे वेगळे, असा त्यांचा आशय होता. सहा वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९४९ ला, घटना समितीत त्यांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल देशालाच इशारा दिला. हे भाषण आपल्याकडे तोंडपाठ असलेले पुष्कळ आहेत. आमचेही आहे. जयंतीच्या दिवशी माईक हिसकावताना ते आठवले नाही, इतकेच.

आपल्यातला एक युक्तिवाद आम्ही नेहमी ऐकतो. आपल्या माणसावर प्रश्न विचारला की समाजाचे शत्रू टपलेलेच असतात, म्हणून गप्प बसावे. यात अगदीच तथ्य नाही असे नाही. आपल्या पुढाऱ्याची चूक चौकात टांगतात आणि दुसऱ्याची झाकून ठेवतात, हे आपण पाहिले आहे. परंतु मावशींनी शत्रूला विचारले नव्हते. ज्याला मत दिले त्यालाच विचारले होते. विश्वास टाकला म्हणूनच हिशेब मागितला. ज्याच्यावर विश्वास नाही त्याला कोण कशाला विचारील?

विचारण्याची साधने आता पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत. सुप्रीम कोर्टाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला त्याच्यावरचे फौजदारी खटले, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागते. ते कोणालाही पाहता येते. पण त्यात पोलिसांत आणि कोर्टात गेलेलेच येते. फोडलेले नारळ त्यात नसतात. त्यासाठी माहितीचा अधिकार आहे. १२ ऑक्टोबर २००५ पासून तो लागू आहे. (भूखंडाचा निकालही बरोबर सहा वर्षांनी त्याच तारखेला लागला, हा निव्वळ योगायोग.) साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तेही नको. तीस दिवसांत उत्तर आले पाहिजे. नाही आले तर वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील, तिथेही नाही तर राज्य माहिती आयोग. एका अर्जात एकच विषय घ्यावा आणि तो दीडशे शब्दांत आटपावा. 'का केले नाही' असे विचारू नये, त्याचे उत्तर देत नाहीत. अमुक कामासाठी किती रक्कम मंजूर झाली, कोणत्या तारखेला, ती कुठे खर्च झाली, त्या फाइलची प्रत द्या, असे विचारावे. आपल्या वस्तीजवळ शाळेची, दवाखान्याची जागा राखीव आहे का, हेही महापालिकेतल्या विकास आराखड्याच्या नकाशावर पाहायला मिळते. आपल्यापैकी किती जणांनी तो नकाशा पाहिला आहे?

परवा शनिवारी ऑफिस सुटल्यावर आम्ही मावशींकडे गेलो. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या, तुमाला बी त्यांच्याकडं काम पडत आसंल." हे ऐकून मान वर होईना, कारण ते खरे होते. मुलाच्या ॲडमिशनसाठी आम्ही त्या साहेबांकडून चिठ्ठी आणली होती.

मग ओट्यावरच बसून अर्ज लिहिला. अभ्यासिकेच्या कामाला मंजूर झालेली रक्कम, वर्क ऑर्डरची प्रत, खर्चाचा तपशील. मावशींच्या मधल्या नातीने अक्षर काढले, कारण आमचे अक्षर खतावणीतले, बारीक. खाली सही कोणाची करायची यावर थोडा वेळ गेला. आम्ही म्हणालो, आम्ही करतो. मावशी म्हणाल्या, "प्रश्न माजा हाय." त्यांनी रात्रशाळेत शिकलेली सही सावकाश, पाचही अक्षरे सुटी सुटी अशी केली. सोमवारी लंच टाइममध्ये आम्ही अर्ज देऊन पोच घेतली. पोच मावशींच्या ट्रंकेत आहे, रेशनकार्डाबरोबर. तीस दिवस मोजणे चालू आहे.