अंगणातील फरशीवरील शेवाळ : तीव्र रसायनांविना स्वच्छतेचा शास्त्रीय विचार

प्रस्तावना :

पावसाळा सुरू झाला की महाराष्ट्रातील बहुतेक अंगणांतील फरशी प्रथम काळपट, नंतर हिरवी आणि पाहता पाहता निसरडी होते. वृद्ध व्यक्तीचा पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, तर तिचे पुढील संपूर्ण जीवन परावलंबी होऊ शकते. त्यामुळे अंगणाची स्वच्छता हा केवळ सौंदर्याचा विषय नसून सुरक्षिततेचाही विषय आहे. या प्रश्नावर घरांतून आणि संस्थांच्या आवारांतूनही सामान्यतः दोन उपाय योजले जातात : हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे बोलीभाषेतील ‘अ‍ॅसिड’, आणि ब्लीचिंग पावडर. त्यांना पर्याय म्हणून लिंबू, व्हिनेगर, मीठ असे ‘नैसर्गिक’ उपाय सुचविले जातात. मात्र दोन्ही प्रकारांत फरशी कोणत्या दगडाची आहे, हा मूलभूत प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या आधारे अंगणाच्या स्वच्छतेचा विचार केला आहे.

शेवाळाचे स्वरूप :

व्यवहारात ज्याला सरसकट ‘शेवाळ’ म्हटले जाते, त्यात हरित शैवाल, नीलहरित जीवाणू, मॉस आणि काही ठिकाणी दगडफूल अशा भिन्न सजीवांचा समावेश असतो. त्यांपैकी नीलहरित जीवाणू विशेष चिवट असतात. त्यांतील अनेकांच्या आवरणात ‘सायटोनेमिन’ हे तपकिरी रंगद्रव्य असते. ते प्रखर उन्हातील अतिनील किरणांपासून त्यांचे रक्षण करते. उन्हाळ्यात फरशीवर किंवा कुंपणाच्या भिंतीवर दिसणारा काळा थर अनेकदा मळ नसून अशा सुप्तावस्थेतील सजीवांचा असतो. पहिल्या पावसाचे पाणी मिळताच तो पुन्हा सक्रिय होतो. म्हणूनच जूनमध्ये फरशी ‘एका रात्रीत’ हिरवी झाल्याचा भास होतो. वास्तविक ती वाढ आधीपासूनच तेथे असते.

या सजीवांना ओलावा, सावली आणि धूळ वा पालापाचोळ्यातून मिळणारी पोषकद्रव्ये एवढेच पुरेसे असते. या तीन गोष्टी कायम राहिल्या, तर कोणत्याही रसायनाचा परिणाम तात्पुरताच ठरतो.

फरशी आणि आम्ल :

अंगणात सर्रास वापरली जाणारी शहाबादी फरशी ही कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद या गावाच्या नावाने ओळखली जाते. राजस्थानातून येणारी कोटा फरशीही परिचित आहे. हे दोन्ही दगड चुनखडीचे, म्हणजे प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेटचे आहेत. हायड्रोक्लोरिक आम्लाशी संयोग होताच कॅल्शियम कार्बोनेटपासून पाण्यात विरघळणारे कॅल्शियम क्लोराइड, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. अ‍ॅसिड ओतल्यावर उठणारा फेस मळ निघत असल्याची खूण मानला जातो. प्रत्यक्षात त्या वेळी दगडच विरघळत असतो. पृष्ठभाग खरबरीत होतो, त्यात पाणी व धूळ अधिक साठते आणि पुढील वर्षी शेवाळाला अधिक अनुकूल जागा मिळते. सिमेंटच्या फरशा, पेव्हर ब्लॉक आणि सांध्यांतील सिमेंट यांचीही आम्लामुळे अशीच झीज होते.

कोकणातील जांभा दगड लोह व अ‍ॅल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी बनलेला असून सच्छिद्र असतो. त्यावर फेस येत नाही. परंतु ओतलेले द्रावण त्याच्या छिद्रांत शिरते आणि धुऊनही पूर्णपणे निघत नाही.

मानवी हानी याहून गंभीर आहे. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. त्याचा पहिला फटका सफाई कर्मचाऱ्यांना किंवा घरकाम करणाऱ्या स्त्रियांना बसतो. त्यांच्या हाती अनेकदा हातमोजेही नसतात. धुतलेले पाणी झाडांच्या आळ्यांत, तुळशीवृंदावनाच्या मातीत किंवा विहिरीकडे वाहून जाते, ते वेगळेच. अ‍ॅसिडहल्ल्यांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये अ‍ॅसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घालणारे निर्देश दिले. या पार्श्वभूमीवर अंगण धुण्यासाठी घरात अ‍ॅसिड साठविण्याची सवय पुन्हा तपासून पाहण्याजोगी आहे.

‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी नव्हे :

लिंबाच्या रसातील सायट्रिक आम्ल आणि व्हिनेगरमधील अ‍ॅसिटिक आम्ल सौम्य असले, तरी चुनखडीवर त्यांची क्रिया होतेच. त्यामुळे शहाबादी वा कोटा फरशीची चकाकी जाऊन पांढुरके डाग पडतात. हीच गोष्ट चिंचेच्या कोळाची. मीठ सांध्यांतील गवत मारते. परंतु ते दगडात शिरून पाणी सुकताना स्फटिकरूप घेते. त्यामुळे पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात आणि लोणा धरतो. रिठ्यातील सॅपोनिन दगडास अपायकारक नसले, तरी माशांना विषारी आहे. म्हणून रिठ्याचे पाणी तळ्यात वा हौदात जाऊ देऊ नये. एकंदरीत, पदार्थाची तीव्रता त्याच्या उगमावरून नव्हे, तर तो कशावर वापरला जातो यावरून ठरवावी लागते.

दगडाचा प्रकार ठाऊक नसल्यास कोपऱ्यातील फरशी किंचित खरवडून तेथे लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकावा. बारीक बुडबुडे आले, तर त्या दगडात कार्बोनेट आहे आणि कोणताही आंबट पदार्थ त्यास वर्ज्य होय.

स्वच्छतेची पद्धती :

1. कोरडी झाडणी : मे महिन्यात, थर पूर्ण वाळलेला असताना, ताठ खराट्याने किंवा ताग्याच्या ब्रशने अंगण घासावे. सुकलेला थर पापुद्र्यांच्या रूपाने निघतो. तो गोळा करून बाहेर टाकावा. पाण्याने सांध्यांत ढकलू नये. नाकातोंडावर फडके बांधणे हितावह असते.

2. ओली घासणी : 8-10 रिठ्यांची साले रात्रभर 1 लिटर पाण्यात भिजवून ते पाणी गाळून घ्यावे. ते फरशीवर शिंपडून नारळाच्या सोडणाने घासावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. काम लहान भागांत केल्यास निघालेला चिखल पुन्हा वाळत नाही.

3. सांध्यांतील गवत : उकळते पाणी जपून ओतल्यास कोवळे गवत व मॉस मरते. लागवडीच्या मुळांजवळ हा उपाय टाळावा.

4. तेलाचे डाग : मुलतानी मातीचा घट्ट लेप देऊन तो वाळू द्यावा आणि झाडून काढावा. ही माती तेल शोषून घेते.

उच्च दाबाच्या पाण्याचे यंत्र रसायनविरहित असले, तरी ते सांध्यांतील माल उडविते आणि जांभ्यासारख्या मऊ दगडाची झीज करते. त्याचा वापर मर्यादितच असावा.

कारणाचा परिहार :

घासणीने परिणाम दूर होतो, कारण नव्हे. फरशीला दर मीटरमागे 1 ते 1.5 सेंटीमीटर उतार असेल, तर पाणी साचत नाही. पागोळ्यांचे पाणी पन्हाळीतून वळविणे, कुंड्या विटांवर उचलून ठेवणे, झाडांच्या खालच्या फांद्या छाटून ऊन येऊ देणे आणि पालापाचोळा वेळीच उचलणे, या साध्या गोष्टींनी शेवाळाची वाढ लक्षणीय प्रमाणात रोखता येते. ज्या वाटेने घरातील वृद्ध मंडळी ये-जा करतात, तेथे पावसाळाभर आठवड्यातून एकदा खराटा फिरविणे आवश्यक आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून असे स्पष्ट होते की, अंगण स्वच्छ ठेवण्यासाठी दगडाचा प्रकार ओळखणे, पाण्याला वाट करून देणे आणि योग्य ऋतूत खराटा हाती घेणे या तीन गोष्टींना प्राधान्य द्यावयास हवे. महाविद्यालयांची आवारेही याच फरशांनी आच्छादलेली आहेत. तेथील स्वच्छतेसाठी कोणता पदार्थ वापरला जातो आणि तो कोणाच्या हाती दिला जातो, याची विचारपूस रसायनशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभागांनी केली, तर वर्गात शिकविले जाणारे शास्त्र दाराबाहेरच्या पायरीवर उपयोगी पडेल.