पिस्तुलावरील लाल ठिपका : उपयोग आणि मर्यादा

पैनगंगेच्या दक्षिणेस वसलेला तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड या आपल्या जिल्ह्यांना लागून आहे. पौष अमावास्येला केसलापूरच्या नागोबा जत्रेस सीमेच्या दोन्ही बाजूंचे भाविक मोठ्या संख्येने जमतात. अशा बंदोबस्तात अधिकाऱ्याचे पिस्तूल म्यानातच राहावे, हेच इष्ट होय. तथापि क्वचित प्रसंगी ते हाती घ्यावे लागलेच, तर चुकलेली गोळी कोणा निरपराध माणसास लागेल, हा धोका सदैव असतो. म्हणूनच पिस्तुलावर लाल ठिपक्याची साइट बसविणे कितपत हितावह आहे, या प्रश्नाचा विचार नव्या वस्तूची हौस बाजूस ठेवून करणे अगत्याचे आहे.

रचना

नेहमीच्या पद्धतीत मागील खाच, पुढील माशी व लक्ष्य ही तिन्ही एका रेषेत आणावी लागतात. डोळा मात्र एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होऊ शकतो. त्यामुळे नेमबाजास माशीवर दृष्टी ठेवून लक्ष्य काहीसे अस्पष्ट पाहण्यास शिकविले जाते. लाल ठिपक्याच्या साइटमध्ये एका लहानशा दिव्याचा प्रकाश लेप दिलेल्या वक्र काचेवर पडून डोळ्याकडे परततो व ठिपका लक्ष्याच्याच अंतरावर असल्याचा भास होतो. लेसरप्रमाणे येथे लक्ष्यावर प्रकाश पडत नाही; ठिपका फक्त नेम धरणाऱ्यालाच दिसतो. हे तत्त्व डब्लिनचे हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली मांडले, तर १९७५ साली स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने विजेवर चालणारी अशी साइट बाजारात आणली.

लाभ

पहिला लाभ असा की, दृष्टी लक्ष्यावरच राहते. समोरील माणसाच्या हातात शस्त्र आहे की काठी, त्याने ते खाली टाकले काय, त्याच्या मागे कोण उभे आहे, हे अखेरच्या क्षणापर्यंत पाहता येते. गोळी न झाडण्याचा निर्णयही याच पाहण्यावर अवलंबून असतो. दुसरा लाभ चाळिशी ओलांडलेल्यांना होतो. या वयात जवळची माशी पुसट दिसू लागते. ठिपका मात्र दूरवर भासत असल्याने स्पष्ट दिसतो. ज्यांच्या बुबुळाची वक्रता विषम असते, त्यांना तो फाटलेला वा ताऱ्यासारखा दिसू शकतो. त्यांनी प्रथम नेत्रतपासणी करून घ्यावी.

मर्यादा

नवशिक्यास पिस्तूल उचलताच ठिपका सापडत नाही. खाच व माशी यांवरून नळी कोणत्या बाजूस कलली आहे ते कळते. ठिपका काचेबाहेर गेला, की कोणतीच खूण उरत नाही. शिवाय हाताचा कंप ठिपक्यामुळे ठळकपणे दिसतो व तो थांबण्याची वाट पाहून नेमबाज चाप एकदम ओढतो. गोळी चुकते ती त्या हिसक्याने. हे दोष साइट दूर करीत नाही. ते सरावानेच जातात.

हवामानाचाही विचार व्हावा. या भागात उन्हाळ्यात धूळ व प्रखर ऊन, पावसाळ्यात संततधार, तर हिवाळ्यात पहाटे दव असते. उघड्या दिव्याच्या साइटमध्ये पाण्याचा एक थेंबही ठिपका झाकू शकतो. बंदिस्त प्रकार या दृष्टीने अधिक भरवशाचा. तसेच इशापूरच्या कारखान्यात तयार होणाऱ्या ९ मि.मी. १-ए पिस्तुलाच्या स्लाइडवर अशा साइटसाठी जागा ठेवलेली नाही. तेथे स्लाइड कोरून घेणे, निराळे म्यान घेणे व पुन्हा नेम जुळविणे हा खर्च साइटच्या किमतीखेरीज येतो.

निष्कर्ष

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. त्या स्पर्धेच्या नियमांनुसार पिस्तुलास साध्या खाच-माशीखेरीज अन्य साइट चालत नाही. अचूकता मुख्यतः हातात व सरावात असते, हे यावरून ध्यानी यावे. स्पर्धेतील लक्ष्य निश्चित असते. बंदोबस्तात मात्र ते ओळखण्यापासूनच सुरुवात होते आणि ठिपक्याचे खरे मोल तेथेच आहे.

सारांश, नियमित चांदमारी करणाऱ्या विशेष पथकांना ही साइट निश्चित उपयोगी आहे. इतरत्र उपलब्ध निधी प्रथम काडतुसे व सराव यांवर खर्च होणे श्रेयस्कर. साइट घेतल्यास खाच व माशी कायम ठेवावी, पाळीवर जाताना ठिपका व काच तपासावी, बॅटरी ठरलेल्या तारखेस बदलावी आणि रिकाम्या पिस्तुलाने म्यानातून काढून ठिपका पकडण्याचा सराव वरिष्ठांच्या देखरेखीखाली नित्य करावा. ठिपका नेम दाखवितो. गोळी झाडावी की नाही, हे माणसालाच ठरवावे लागते.