लिनक्स प्रणालीतील आरंभिक शेल स्क्रिप्ट : क्रम आणि अवलंबित्व

प्रस्तावना :
संगणक सुरू केल्यापासून लॉगिनची सूचना पडद्यावर येईपर्यंतच्या प्रक्रियेस बूटिंग असे म्हणतात. या काळात नेटवर्क, वेब सर्व्हर इत्यादी सेवा कोणत्या क्रमाने सुरू होतात, यावर प्रणालीची विश्वासार्हता अवलंबून असते. प्रस्तुत लेखात 'सिस्टिम फाइव्ह' पद्धतीत हा क्रम कसा ठरत असे व त्या पद्धतीची मर्यादा कोणती होती, याचा विचार केला आहे.

पद्धतीचे स्वरूप :
१९८३ मध्ये आलेल्या युनिक्स सिस्टिम फाइव्हवरून या पद्धतीस हे नाव मिळाले. लिनक्समध्ये कर्नल 'इनिट' ही क्रमांक १ ची प्रक्रिया सुरू करतो. इनिट 'इनिटटॅब' ही फाइल वाचून रनलेव्हल निश्चित करीत असे. २००७ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ५ मध्ये ३ हा अक्षररूप बहुवापरकर्ता, तर ५ हा चित्ररूप रनलेव्हल होता. प्रत्येक रनलेव्हलसाठी स्वतंत्र डिरेक्टरी असे. तीत मूळ स्क्रिप्ट नसून त्यांच्या सिम्बॉलिक लिंक असत. 'आरसी' ही स्क्रिप्ट प्रथम 'के' अक्षराच्या लिंक 'स्टॉप' या आज्ञेसह आणि नंतर 'एस' अक्षराच्या लिंक 'स्टार्ट' या आज्ञेसह चालवीत असे.

अक्षरानंतरचे दोन अंक क्रम ठरवीत, उदा. एस१०नेटवर्क, एस२५नेटएफएस, एस८५एचटीटीपीडी. नावे वर्णक्रमाने लावली जात असल्याने 'एस९' हे नाव 'एस१०' च्या नंतर आले असते. म्हणून दोन अंक आवश्यक होते.

मर्यादा :
नेटएफएस अन्य संगणकावरील फाइल प्रणाली जोडते; त्यासाठी नेटवर्क आधी सुरू असावे लागते. तथापि २५ हा अंक केवळ क्रम सांगतो, त्यामागील कारण सांगत नाही. नेटवर्कवर अवलंबून असलेल्या नव्या सेवेस ०८ हा क्रमांक दिल्यास ती बूटिंगच्या वेळी अयशस्वी होई. मात्र नंतर हाताने चालविल्यास यशस्वी होई, कारण तोपर्यंत नेटवर्क सुरू झालेले असे. असा दोष शोधणे कठीण असते. शिवाय स्क्रिप्ट एकामागून एक चालत असल्याने एक स्क्रिप्ट अडकली की पुढील सर्व सेवा खोळंबत.

पर्यायी मार्ग :
स्क्रिप्टच्या आरंभी टिपणीच्या ओळींत 'रिक्वायर्ड-स्टार्ट' अशी नोंद करून अवलंबित्व स्पष्ट करण्याची पद्धत पुढे रूढ झाली. २०११ च्या डेबियन ६ मध्ये या नोंदींवरून क्रम ठरू लागला. २०१० मध्ये सिस्टिमडी ही प्रणाली आली. २०११ मध्ये फेडोरा १५ ने व २०१५ मध्ये डेबियन ८ ने तिचा मूलभूत स्वीकार केला. तीत 'रिक्वायर्स' ही नोंद गरज, तर 'आफ्टर' ही नोंद क्रम सांगते. केवळ पहिली नोंद केल्यास दोन्ही सेवा एकाच वेळी सुरू होऊ शकतात.

निष्कर्ष :
गरज आणि क्रम या दोन भिन्न बाबी असून अंकांच्या पद्धतीत त्या एकरूप झाल्या होत्या. साधन कोणतेही असो, कोणती सेवा कशावर व का अवलंबून आहे, हे लिहून ठेवणे प्रणाली-व्यवस्थापकाचे आद्य कर्तव्य ठरते.