क्रमाची हमी
संगणकाच्या एका कप्प्यातील साऱ्या फायली ओळीने वाचावयाच्या, तर पायथन भाषेत 'ग्लॉब' ही आज्ञा आपण वापरतो. त्या नावांच्या अनुक्रमाने येतील, असे आपणांस वाटते. परंतु तशी हमी ही आज्ञा देत नाही. यंत्राची मूळ प्रणाली देईल तो क्रम ती पुढे ठेवते. २०१४ साली रसायनशास्त्रज्ञांसाठी प्रसिद्ध झालेल्या एका गणनविधीत हा अनुक्रम गृहीत धरला होता. त्याच फायलींची उत्तरे निरनिराळ्या यंत्रांवर निरनिराळी येतात, असे २०१९ साली हवाई विद्यापीठातील संशोधकांना आढळले! विंडोजवर ती बरोबर येत, उबंटूवर दोन प्रकारच्या फायलींच्या जोड्याच चुकत. उपाय एका शब्दाचा : 'सॉर्टेड'. वाचण्यापूर्वी क्रम आपणच लावून घ्यावयाचा.